कापडाचं दुसरं टोक

हेडली ट्रेव्हेलाच्या घरी वर्षातून एकाच दिवशी माणसं यायची, पण त्या दिवशी दोनशे यायची. ऑगस्टचा पहिला रविवार. त्या दिवशी पोर्थवीन गावातले हौशी लोक आपापल्या बागा सगळ्यांसाठी उघड्या ठेवतात आणि हातात घरांच्या आकड्यांचा पिवळा कागद घेऊन पाहुणे गल्लोगल्ली हिंडतात. उरलेलं वर्षभर हेडलीच्या फाटकाची कडी पोस्टमनखेरीज कोणी काढत नसे.

माणसं आपल्याला बघायला येत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती केळीला बघायला येत. घरामागच्या टीचभर जागेत त्याने केळ वाढवली होती, छपरापर्यंत पोचलेला कॅनरी पाम होता, आणि खांबासारख्या खोडाचा एक नेचा, मूळचा टास्मानियाचा. गुलाब लावले असते तर कुत्रं फिरकलं नसतं. इंग्लंडच्या या कॉर्नवॉल किनाऱ्यावर गुलाबांना काय तोटा? अठ्ठावीस वर्षं खाडीपल्याड जाणाऱ्या नावेवर तिकिटं फाडलेल्या या माणसाला गर्दीशी बोलता येई, एकेकट्याशी बोलताना मात्र त्याची जीभ टाळूला चिकटे. ऑगस्टातल्या त्या रविवारी तो इस्त्रीचा सदरा घालून केळीशेजारी उभा राही आणि संध्याकाळपर्यंत घसा बसेस्तोवर बोले.

असली परदेशी झाडं हिवाळ्याआधी गुंडाळावी लागतात. केळीच्या बुंध्याभोवती पेंढा, नेच्याच्या डोक्यात पेंढा, पामची पानं गोळा करून अंबाड्यासारखी बांधायची, आणि सगळ्यावरून पांढऱ्या हिवाळी कापडाचे वेढे. वारा तर असतोच. म्हणून एकाने कापडाचं टोक धरून उभं राहायचं आणि दुसऱ्याने फिरत फिरत सुतळी आवळायची. बावीस वर्षं ते टोक त्याच्या बहिणीने, झिलाने, धरलं होतं. दोघंही बिनलग्नाची, एकाच घरात वाढलेली, एकाच घरात म्हातारी होत चाललेली. मग सहासष्टाव्या वर्षी झिलाने डेंझिल नावाच्या निवृत्त बेकरीवाल्याशी लग्न केलं आणि ती ट्रुरोला राहायला गेली. बसने पाऊण तास. हेडली लग्नाला गेला, केक खाल्ला आणि त्यानंतर डेंझिलशी एक शब्द बोलला नाही. या वयात कोणी कोणाची बहीण उचलून नेतं का, असा त्याचा सवाल होता. तो त्याने कोणाला विचारला मात्र नाही.

त्या वर्षी नोव्हेंबरात झाडं उघडीच राहिली. हिवाळा मवाळ निघाला, झाडं वाचली. पुढच्या ऑगस्टात कोणीतरी विचारलं तेव्हा हेडली म्हणाला, "गुंडाळायचं कशाला? समुद्राची ऊब आहे. लाड केले की झाडं नाजूक होतात." एका बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. तीन हिवाळे समुद्राने त्याची लाज राखली, आणि सांगून सांगून ते त्याला स्वतःलाही खरं वाटायला लागलं. झिलाला मात्र तो दर वर्षी गुंडाळल्याचंच सांगे.

चौथ्या हिवाळ्यात, जानेवारीत, रेडिओने सांगितलं, पूर्वेचा वारा येतोय, पारा शून्याखाली आठपर्यंत जाईल, चार दिवस हटणार नाही. दुपारी झिलाचा फोन आला.

"ऐकलंस का रे? मी एकच्या बसने येते. कापड काढून ठेव."

"कशाला? गुंडाळून झालीयत."

"एकट्याने?"

"मग काय, बँड लावून गुंडाळू?"

"डेंझिल म्हणतोय, तोही येतो. तेवढेच दोन हात."

"झालंय म्हटलं ना. त्याला म्हणावं, तू पाव भाज."

फोन ठेवून हेडलीने माळ्यावरून कापड काढलं. एक टोक त्याने पन्हळीच्या नळाला बांधलं आणि दुसरं घेऊन पामभोवती फिरला. वाऱ्याने ते हिसकावून शेजारच्या कुंपणावर नेऊन आपटलं. तीनदा तसंच झालं. शेजारी दार ठोठावता आलं असतं. झिलाला उलट फोन करता आला असता; एकच्या बसला अजून वीस मिनिटं होती. त्याने घड्याळाकडे पाहिलं, कापडाची घडी घातली आणि चहाचं आधण ठेवलं.

चार दिवसांनी वारा पडला. केळ उकडलेल्या कांद्यासारखी लिबलिबीत होऊन जमिनीवर लोळत होती. नेच्याची पानं तपकिरी होऊन खोडाला लोंबत होती. पाम तेवढा हिरवा दिसत होता, आणि हेडलीने सगळी आशा त्याच्यावर ठेवली. वरचा पोगा, म्हणजे मधलं न उमललेलं पान, ओढून बघायचं धाडस मात्र त्याला झालं नाही. पोगा घट्ट असला तर पाम जिवंत, हातात आला तर आतून कुजलेला, हे ही झाडं पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

एप्रिलात एनिड पेंग्ली आली. पिवळा कागद तीच काढायची. हेडलीच्या शाळेतली, स्वतः मुरलेली बागवाली. तिने बागेवरून एकदा नजर फिरवली, भिंतीला टेकवलेली शिडी पामला लावली, दोन पायऱ्या चढली आणि पोगा धरून हलकेच ओढला. तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. घाण वास सुटला.

"जून संपेपर्यंत कुठलंही झाड मेलं म्हणायचं नसतं," हेडली खालून म्हणाला.

"मला नको शिकवूस. कागद मे महिन्यात छापतात."

"मग छाप की."

"अरे, लोक एवढा चढ चढून येतात. त्यांना काय दाखवणार? हे?" पोगा कुठे ठेवावा ते तिला कळेना. शेवटी खाली उतरून तिने तो अलगद भिंतीवर ठेवला. "आणि झिला तर सांगत होती, तू गुंडाळलीस म्हणून."

हेडलीने शिडी उचलून पुन्हा भिंतीला टेकवली. एनिड समजली. "या वर्षी राहू दे," ती म्हणाली आणि जाताना फाटकाची कडी नीट लावून गेली.

जूनच्या शेवटी केळीच्या कुजक्या बुंध्याशेजारून दोन कोंब वर आले, तर्जनीएवढे, हिरवेगार. हेडली त्यांच्याजवळ उकिडवा बसला आणि सवयीने कोणाला तरी हाक मारायला वळला. कोणी नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी त्याने तरीही सदऱ्याला इस्त्री केली. अकरा वाजल्यापासून फाटकावरून माणसं जात होती. पिवळ्या टोपीतली एक बाई थांबली. "इथेच होती ना गं केळ?" तिने सोबतिणीला विचारलं. सोबतिणीने कागद पाहिला. "हा आकडा नाही यात. चल." त्या गेल्या. हेडलीला भयंकर एकटं वाटलं. झिला गेली त्या दिवशीसुद्धा असं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा रागवायला निदान कोणीतरी होतं.

त्याने फोन लावला.

"झिला, जानेवारीत मी खोटं बोललो. गुंडाळली नव्हती."

"माहितीय."

"एनिडने सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? तुला एकट्याला जमत असतं, तर बावीस वर्षं मला थंडीत उभं कशाला केलं असतंस?"

"मग आली का नाहीस?"

"तू नको म्हणालास. मी कोट घालून बसले होते. म्हटलं, उलट फोन करशील."

हेडलीने खिडकीतून मागच्या बागेकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "केळीला दोन कोंब आलेत. नोव्हेंबरात येशील का टोक धरायला?"



"माझा खांदा गेलाय रे. हात वर जात नाही. इस्टरपासून केससुद्धा डेंझिल विंचरून देतो."

हे त्याला माहीत नव्हतं. त्याने विचारलंच नव्हतं कधी.

"त्याला पाठवू?" झिला म्हणाली. "उंच आहे तो. बोलत फारसा नाही, तुझ्यासारखाच."

फाटकावरून आणखी चारपाच माणसं बोलत बोलत पुढे गेली. हेडलीने त्यांना जाऊ दिलं.

"चहात साखर किती लागते त्याला?" त्याने विचारलं.