माझ्याच नावाचा चढ

नावापायी माणूस कुठे जाऊन पोहोचेल याचा नेम नाही. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर मी गेले ती निव्वळ नावासाठी. नाहीतर २०११च्या मार्चमधल्या त्या भूकंप-त्सुनामीपासून टीव्हीवर समुद्र दिसला तरी चॅनल बदलणारी बाई मी.

माझं नाव हिल्डा. नगरजवळच्या एका मिशनच्या दवाखान्यात जन्मले, तिथल्या नर्सबाईंचं नाव आईला आवडलं, झालं. शाळेत पोरांनी ‘हिल्डा-गिल्डा’ करून जीव नकोसा केला होता. पुढे कळलं की हे नाव फार जुनं इंग्रजी आहे आणि त्याचा अर्थ चक्क लढाई. आमची लढाई म्हणजे झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायचं! पण तेव्हापासून मला नादच लागला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर मठ सांभाळणारी एक संत हिल्डा होऊन गेली, कॅनडात हिल्डा नावाचं खेडं आहे, आकाशात एक लघुग्रह आहे, आणि सोलापूरला चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या एक हिल्डामावशी आहेत. “लोक तिकिटं जमवतात, आमची ही हिल्डा जमवते,” असं आनंद, म्हणजे माझा नवरा, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

आम्ही टोकियोजवळच्या त्सुकुबात राहतो. आनंद एका संशोधन संस्थेत आहे, मी दुसऱ्या एका लॅबमध्ये अर्धवेळ काम करते. लॅबमधल्या कान्नो-सान एकदा डबा खाताना म्हणाल्या, “आमच्या गावी हिरुदा बालवाडी आहे.” जपानीत माझ्या नावाचंही हिरुदाच होतं. फार पूर्वी कुणी हिल्डा नावाच्या इंग्रज बाईंनी ती काढली होती. बालवाडीकडे जाणाऱ्या चढाला सगळं गाव हिरुदा-झाका म्हणतं, झाका म्हणजे चढ. आणि तिथल्या निवृत्त शिक्षिका ओइकावा-सेन्सेई यांचं बाप्तिस्म्याचं नावही हिरुदा. एका गावात चार हिल्डा! माझा घास हातातच राहिला.

गाव मात्र अगदी समुद्रावर. भूकंपाला दीड वर्ष उलटून गेलं होतं, तरी जमीन अधूनमधून हलायचीच. नगरहून आई फोनवर ओरडली, “अगं, लोक तिथून पळाले आणि तू लेकीला घेऊन तिकडे निघालीस? मरायला?” आनंदचा प्रयोग चालू होता, त्याला सुट्टी नव्हती. आमची रूथ तिसरीत, ती मात्र बॅग भरून तयार. शेवटी नोव्हेंबरात जोडून सुट्टी आली आणि मी तिकिटं काढली. काढल्यावर रात्रभर झोप लागली नाही.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. त्सुकुबाहून लोकलने टोकियो, उएनोला शिन्कान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन पकडायची, इचिनोसेकीला उतरायचं. भाडं मोठ्या माणसाला बारा-तेरा हजार येन, मुलांना निम्मं. रात्रीची बस बरीच स्वस्त पडते, पण अंधारात तो प्रवास करण्याची माझी छाती नव्हती. अणुभट्टी फुटली त्या फुकुशिमाचं स्टेशन आलं तेव्हा मी नकळत श्वास रोखून धरला. रूथने माझ्याकडे बघितलं.

“आई, खिडक्या उघडतच नाहीत या गाडीच्या.”

“माहितेय मला.”

“मग श्वास घे ना.”

इचिनोसेकीहून डोंगरांतून जाणारी दोन डब्यांची डिझेल गाडी आहे. झाडं लाल-पिवळी झाली होती, डब्यातल्या आज्या रूथला संत्री सोलून देत होत्या आणि मला वाटलं, उगाच घाबरलो आपण. मग गाडी किनाऱ्याला पोहोचली. पुढचे रूळ लाटेने उखडून नेलेले, म्हणून तिथून बस. बसच्या दोन्ही बाजूंना नुसते घरांचे चौथरे, त्यांत कमरेएवढं गवत. एका चौथऱ्याला तीन स्वच्छ पायऱ्या होत्या आणि वर काहीच नव्हतं. रस्त्यावर जागोजागी पाट्या: ‘त्सुनामीचं पाणी इथपर्यंत आलं होतं.’ समुद्र कुठेच दिसत नव्हता, तरी पाट्या येतच होत्या. मी रूथचा हात घट्ट धरून ठेवला, ती “दुखतंय” म्हणाली तेव्हा सोडला.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कॅमेरे घेऊन येणाऱ्यांना तिथले लोक कंटाळलेत. राहायला टेकडीवरचं एक मिन्शुकु मिळालं, म्हणजे घरगुती खाणावळ-कम-लॉज. दोन वेळच्या जेवणासकट माणशी सात-आठ हजार येन. कालवं, भाजलेले सान्मा मासे, वाकामे म्हणजे समुद्रशेवाळाचं सूप. रूथने कच्ची कालवं मिटक्या मारत खाल्ली. मी माझी तळून मागितली. मालकीणबाई हसल्या, पण तळून दिली.

जेवणाआधी, उजेड होता तोवर ओइकावा-सेन्सेई आम्हाला न्यायला आल्या. सत्तरीच्या, बुटक्या, पायात रबरी बूट. “हिरुदा-सान?” त्या म्हणाल्या. “हो. हिरुदा-सेन्सेई?” मी म्हणाले. दोघी रस्त्यात उभ्या राहून एकमेकींना वाकून नमस्कार करत खो-खो हसलो. नावाची माणसं जमवण्यातली मजा ही अशी असते, अनोळखी बाई क्षणात आपली होते.

हिरुदा-झाका बंदराच्या मागूनच सुरू होतो. भलताच उभा आहे. पायथ्याशी दगडावर नाव कोरलंय, रूथने मोठ्याने वाचलं आणि मला त्याला टेकून उभं करून फोटो काढला. वर पांढरी बुटकी बालवाडी, अंगणात घसरगुंडी, आणि खाली सगळा समुद्र. इतका शांत, की मला त्याचा रागच आला. सेन्सेई सांगत होत्या, “शाळा आधी खाली होती. आमच्या आज्यांच्या काळात लाट आली, त्यात शाळा वाहून गेली. मग हिरुदा बाईंनी ती वर बांधली. लोक म्हणाले, पोरं एवढं चढणार कशी? बाई म्हणाल्या, रोज चढतील म्हणजे सवय होईल.”

“मग या वेळी?” मी विचारलं.

“बालवाडीतली सगळी पोरं वाचली.” त्यांनी घसरगुंडीवरची पानं झाडली. “मी तेव्हा इथेच होते. निवृत्त झाले तरी यायचे. माझे मिस्टर वरच्या शेतात होते, सुरक्षित. त्यांना वाटलं मी घरी असेन. घर बंदराजवळ. ते मला आणायला खाली गेले. माझं नाव घेऊन हाका मारत होते म्हणे. बाप्तिस्म्याचं नाव. घरात ते मला तसंच म्हणायचे.”

रूथ हलायची थांबली होती.

सेन्सेईंनी तिला जवळ घेतलं. “इकडे तेंदेन्को म्हणतात. ज्याने त्याने आपापलं पळायचं. आईने मुलाला शोधायचं नाही, मुलाने आईला शोधायचं नाही. ऐकायला वाईट वाटतं ना? पण आई आपली वर गेली असणार हे मुलाला माहीत असतं, म्हणून ते थांबत नाही. मूल गेलं असणार हे आईला माहीत असतं, म्हणून ती मागे फिरत नाही. दोघांपैकी एकाने जरी शब्द मोडला तरी दोघं जातात.” मग त्यांनी आपली करंगळी पुढे केली. “गावात आहात तोवर तुम्ही दोघींनी ठरवा. कुठे भेटायचं?”

“इथे,” रूथ म्हणाली. “घसरगुंडीपाशी.”

आम्ही मायलेकींनी करंगळीत करंगळी अडकवली. जपानी पोरं शपथ घेताना म्हणतात ते गाणं रूथने गंभीर तोंड करून म्हटलं. खोटं बोलणाऱ्याने हजार सुया गिळायच्या असतात त्यात. मला हसू येत होतं, पण सेन्सेई हसत नव्हत्या, म्हणून मीही आवरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदराजवळच्या तात्पुरत्या बाजारात गेलो. पत्र्याच्या खोल्यांत दुकानं थाटलीत, वाकामे तिथेच घ्या, टोकियोपेक्षा ताजं आणि स्वस्त. कान्नो-सानसाठी पुडे बांधून घ्यायला मी आत शिरले. रूथला मक्याचं गरम सूप हवं होतं, डब्यातलं, ते मिळतं त्या मशिनपाशी ती बाहेर थांबली. दारातून तिची लाल टोपी दिसत होती.

आधी फोन किंचाळले. दुकानातले सगळे फोन एकदम, भूकंपाचा इशारा. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही ऐकला त्यांना सांगून कळणार नाही. मग जमीन हलली. त्सुकुबात आम्ही रोजच हलत असतो, पण हे थांबेचना. फळीवरच्या बरण्या पडल्या, दुकानदारीण मला धरून खाली बसली. थांबल्यावर खांबावरचे भोंगे बोलू लागले: त्सुनामीचा इशारा आहे, किनारा सोडा, उंचावर जा.

मी बाहेर धावले. मशिनपाशी रूथ नव्हती.

लोक चढाकडे पळत होते. पळत म्हणजे न बोलता, न ढकलता, झपाझप. कुणीच मागे बघत नव्हतं. आणि मी उलटी, धक्क्याकडे धावले. खरं सांगते, करंगळी आठवली नाही, सेन्सेई आठवल्या नाहीत, काही आठवलं नाही. डोक्यात एवढंच होतं की सकाळपासून ती सीगल बघायला जाऊया म्हणत होती. “रूथ! रूथ!” मी स्वच्छतागृहात बघितलं, बर्फघराच्या मागे बघितलं, जाळ्यांच्या ढिगामागे बघितलं. धक्क्यावर बोटी दोरांना हिसके देत होत्या. पाणी धक्क्याच्या भिंतीवरून खाली उतरत चाललं होतं, शेवाळाचा ओला काळा पट्टा उघडा पडत होता. लाट येण्याआधी समुद्र असाच मागे सरतो. तरी मी ओरडतच होते.

मागून कुणीतरी दंड धरला. गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा माणूस, पन्नाशीचा, हेल्मेट घातलेला.

“बाई, वर चला!”

“माझी मुलगी!”

“वर चला!”

“ती सापडल्याशिवाय नाही येणार!” हे मी मराठीत बोलले, पण त्याला कळलं. त्याने माझा दंड सोडला आणि माझ्या शेजारी नुसता उभा राहिला.

“तुम्ही गेल्याशिवाय मला जाता येत नाही,” तो म्हणाला. त्याच्या ओठांना कंप सुटला होता. तोसुद्धा घाबरला होता, हे मला तेव्हा दिसलं. “मुलीचं नाव?”

त्याने वॉकीटॉकीवर विचारलं. खरखर झाली. मग एका बाईचा आवाज आला: रूथ-चान वर आहे, लाल टोपी, मघाशीच आलीय.

चढ मी कशी चढले मला माहीत नाही. तो माणूस माझ्या मागे होता, माझ्या पुढे एकदाही गेला नाही. वर अंगणात सगळं गाव उभं होतं. रूथ घसरगुंडीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, शाळेत शिकवतात तशी. मी तिला मिठी मारायला गेले, तर तिने दोन्ही मुठींनी मला मारायला सुरुवात केली. “याकुसोकु!” ती किंचाळत होती. “याकुसोकु शिता नोनी!” शब्द दिला होतास ना! सूपचा डबा तिने कुठेतरी टाकून दिला होता. ओइकावा-सेन्सेई कठड्यापाशी चढाकडे तोंड करून उभ्या होत्या. मी आल्यावरही त्यांनी कठडा सोडला नाही. त्यांच्याकडे बघायचा धीर मला झाला नाही.

लाट आली ती गुडघाभरही नव्हती. धक्क्यावर पाणीसुद्धा चढलं नाही. दुपारी इशारा उठला, लोक खाली जाऊन बरण्यांच्या काचा झाडायला लागले. दुकानदारिणीने माझे वाकामेचे पुडे आणून दिले. आम्ही उरलेली सुट्टी तशीच सोडून दुसऱ्या दिवशी परत निघालो. निरोप घेताना सेन्सेईंनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, “हिरुदा-सान, तुमच्यावर मी रागावले नाही. माझं मिस्टरांवरच रागावून झालं नाही अजून.”

घरी आल्यावर आनंदला सगळं सांगितलं. त्याने माझी बाजू घेतली. “कुठलीही आई हेच करेल,” तो म्हणाला. मला बरं वाटलं. रूथ टेबलाशी गृहपाठ करत होती. एरवी ती घरात जपानीतच उत्तरं देते. पेन्सिल न थांबवता ती मराठीत म्हणाली, “बाबा, आईला वर येता येत नाही. ती मला शोधत बसणार. म्हणून पुढच्या वेळी मी पळणार नाही. मी तिला शोधायला खाली जाईन.”

आनंदने माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. माझ्याही उडाला असणार.

ज्यांना त्या किनाऱ्यावर जायचंय त्यांनी जरूर जा. माणसं मायाळू आहेत, मासे ताजे आहेत, पानं गळायच्या आत गेलात तर डोंगर बघण्यासारखे आहेत. समुद्राची भीती मला आता तेवढी वाटत नाही. भीती वाटते ती रूथच्या त्या वाक्याची. रात्री दिवा मालवला की ते ऐकू येतं.

म्हणून दर रविवारी आम्ही सराव करतो. सुपरमार्केटमध्ये कुठल्याही क्षणी रूथ “आत्ता!” म्हणते आणि दिसेनाशी होते. मी टोपली तिथेच ठेवून, तिला न शोधता, सरळ तिच्या शाळेच्या मैदानावर जायचं. पहिल्या रविवारी मी धान्याच्या फळीपाशीच मागे फिरले. दुसऱ्या वेळी दारातून. तिसऱ्या वेळी सिग्नलपर्यंत पोहोचले आणि मागे वळून बघितलं, तर ती रस्त्याच्या पलीकडे उभी राहून माझ्याकडेच बघत होती.

काल मी मैदानावर पोहोचले. दहा मिनिटांचा रस्ता, रडू येत होतं, पण पोहोचले. रूथ आधीच आली होती.

“वळलीस?”

“नाही.”

“एकदापण?”

“एकदापण नाही.”

ती माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. विश्वास ठेवायचा की नाही, ते तिचं अजून ठरत नव्हतं.