अनुजाच्या गणितातली गैरहजर बाई

अनुजा आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. भोईवाड्यात तिला सगळे ‘कॅन्सरवाली’ म्हणतात; पण ती डॉक्टर नाही, अर्थशास्त्र शिकलेली आहे. तिच्या कॉम्प्युटरमध्ये एक लाख काल्पनिक बायका राहतात. त्यांचं वय वाढतं, काहींना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो, काही मरतात. कोणत्या वयात कोणती तपासणी केली तर तेवढ्याच सरकारी पैशांत जास्त जणी वाचतील, हे ती शोधते. त्यासाठी दिवसभर त्यांना मारते आणि पुन्हा तिशीच्या करून उभ्या करते.

“रडू नाही येत गं?” मी एकदा विचारलं.

“लाखात नाही येत, काकू.”

तपासणीत दोष निघूनही पुढे उपचाराला न येणाऱ्या बायकांसाठी तिच्याकडे एक रकाना होता: ‘गैरहजर’. तो बराच मोठा होता. बायका कंटाळा करतात, घाबरतात, असं तिच्या ऑफिसने धरलं होतं. तिनेही.

आमच्या दोघींकडे पोळ्या करणारी अंबिका नायगावच्या बीडीडी चाळीत राहते. तिला अनुजाच आग्रहाने आपल्या ऑफिसच्या तपासणी शिबिराला घेऊन गेली. “ताई, पिशवीत काय गावलं तर अर्धं तुमचं हां,” असं म्हणत अंबिका हसत हसत गेली. टेबलावरच्या मुलीने मोबाईल नंबर विचारला. रांगेतल्या इतर बायकांसारखाच तिनेही नवऱ्याचा दिला. घरचा नंबर म्हणजे तोच.

पुढच्या आठवड्यात अंबिका दोन दिवस आली नाही. आली ती डोक्यावरून पदर ओढून. ओठ फाटलेला, एक कान सुजून काळा पडलेला.

“मोरीत पडले.”

“फोन आला होता का शिबिरातून?” अनुजाने विचारलं.

अंबिका खालीच बसली. फोन तिच्या नवऱ्याने, विनीतने घेतला होता. पलीकडची मुलगी घाईत म्हणाली, “अंबिकाताई पॉझिटिव्ह आल्यात, त्यांना पाठवून द्या.” विनीतला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता, त्याचा चुलतभाऊ एड्सने गेला तेव्हा डॉक्टरांनी तोच शब्द वापरला होता. त्याने अंबिकाला आधी पट्ट्याने मारलं, मग केसांना धरून सगळ्या चाळीदेखत पॅसेजमध्ये ओढलं. “कोणाकडनं आणलास हा रोग, सांग!” हॉस्पिटलला जायचं नाही, गेलीस तर जिवंत ठेवणार नाही, असंही बजावलं.

पॉझिटिव्ह म्हणजे एवढंच, की तपासणीत कॅन्सर घडवू शकणारा विषाणू सापडला होता. त्याने गर्भाशयाच्या मुखावर डाग पाडला असेल आणि तो आत्ता काढला तर काही नाही, वाढू दिला तर त्याचाच कॅन्सर होऊ शकतो, हे अनुजाइतकं कोणाला कळणार? “मी समजावते त्यांना,” म्हणून ती निघाली. ती समजवायला लागली की आकडे बोलते, म्हणून अंबिकासोबत मीही चाळीत गेले.

विनीत दारातच होता; अंबिका खाली मान घालून आत पोळ्यांना लागली. अनुजाने नीट सांगितलं की हा एड्स नाही, हा वेगळा विषाणू आहे, उपचार दहा मिनिटांचा आहे. तो ऐकत होता. तिथेच थांबायला हवं होतं.

“आणि बाईंचा यात काही दोष नाही,” ती पुढे म्हणाली. “हा विषाणू बहुतेक वेळा नवऱ्याकडूनच येतो.”

“म्हणजे मी बाहेर जातो? माझ्या दारात येऊन मला बोलते?”

त्याने तिचा गळा धरला आणि डोकं चौकटीवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. चष्मा फुटला, भुवई उकलली, रक्त थेट माझ्या साडीवर आलं. मी त्याचा हात ओढत होते. त्याने झटकलं तशी मी समोरच्या दारावर जाऊन पडले. पॅसेजमधली दारं उघडली, पण उंबरा कोणी ओलांडला नाही.

अंबिका आतून गॅसवरचा तापलेला तवा सांडशीत धरून आली आणि तो तिने त्याच्या दंडावर दाबला. कातडीचा वास सुटला. तो गुरासारखा ओरडला, तरी तिने तवा काढला नाही.

“माका मारलंस ता गिळलंय मी! ह्या पोरीक हात लावतंस?”

आम्ही टॅक्सीने हॉस्पिटल गाठलं. टाके घालताना अनुजा डॉक्टरांना म्हणाली, “या बाईंची दुसरी तपासणी राहिलीय. आजच करा.”

“मॅडम, हलू नका. तो विभाग वेगळा, त्यांना उद्या आणा.”

“उद्या त्या गैरहजर असतील!” अर्धी भुवई लोंबत असताना ती अशी ओरडली, की दाराशी बसलेला हॉस्पिटलचा पोलीस आत डोकावला. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. डाग होता; कॅन्सर झालेला नव्हता. त्याच दुपारी तो जाळून टाकला. संध्याकाळी अंबिका डिलाईल रोडला भावाकडे गेली. विनीतच्या आणि आमच्या परस्परविरोधी तक्रारी झाल्या, त्यांच्या कोर्टात तारखा अजून पडतात.

टाके काढायच्या आधीच अनुजा ऑफिसात गेली. निकाल फक्त त्या बाईलाच सांगायचा, ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचं नाही, आणि गैरहजर बायकांना एकटीने भेटून कारण विचारायचं, असं तिने मांडलं. मारहाणीचे टाके, मोडलेली हाडं, बुडालेले कामाचे दिवसही तिने हिशेबात धरले होते.

साहेब म्हणाले, “अनुजा, हा खर्च घरगुती हिंसाचारात जाईल. आपल्या तपासणीच्या खात्यात कसा घालतेस?”

“आपल्याच खात्यात, सर,” ती म्हणाली. “फोन आपण केला होता.”