सोळाच्या खाली

सिंगापुरात टॅम्पिनीसला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मेरठचे एक गृहस्थ राहायचे. विंध्याच्या खाली जे काही आहे ते सगळं मद्रास, हा त्यांचा भूगोल. मी पुण्याचा आहे हे पन्नास वेळा सांगून झालं होतं. "हाँ हाँ, वही," म्हणायचे, आणि लिफ्टमध्ये पुन्हा विचारायचे, "आप मद्रासी लोग मूँगफली खाते हो?" पुणेकराला हे किती झोंबतं ते पुणेकरालाच ठाऊक.

सिंगापूरवर त्यांचा एकच राग होता: इथे थंडी पडत नाही. तरी डिसेंबर लागला की ते रजई काढून खिडकीबाहेरच्या बांबूवर उन्हात घालायचे. मग कॉलिंग कार्डावरून मेरठला भावाला फोन लावून तिथलं तापमान विचारायचे आणि एसी खाली खाली आणायचे. रिमोट सोळाच्या खाली जात नाही म्हणून त्याला शिव्या घालायचे, अस्सल मेरठी.

एका रविवारी दुपारी त्यांनी दार वाजवलं. "आ जाइए, सर्दी आ गई." बाहेर बनियन अंगाला चिकटेल असा उकाडा आणि आत हे गृहस्थ कानटोपी घालून शेंगा फोडायला बसले. रजईचं एक टोक त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

"आपके मद्रास में ऐसी ठंड कहाँ!"

पुण्याच्या थंडीची बाजू मांडायला मी तोंड उघडलं. पण पाय त्यांच्या रजईत होते.

"नहीं जी," मी म्हटलं, "मद्रास में कहाँ!"