गाडा कोणाचा हाय?

चहा घ्या आधी, मग सांगतो भर गल्लीत माझी कशी शोभा झाली ते. अजून आठवलं की डोकं तापतं.

मी मूळचा बिलोलीचा. रिटायर झालो आणि नांदेडात घर घेतलं, शांतता मिळावी म्हणून. गल्ली कशी निघाली? वरच्या मजल्यावर तबल्याचा क्लास. समोर एक पेंटर, त्याची ओली चित्रं आमच्या कपड्यांच्या दोरीवर. शेजारी भीमगीतं गाणारं जोडपं, उजाडल्यापासून त्यांची पेटी चालू. कोपऱ्यावरच्या टपरीत दाढीवाले कवी अन् नाटकवाली पोरं. "काका, आपल्या गल्लीत लई जान हाय," म्हणतात. माझी जान जाऊन राहिली, त्याचं काय?

तर त्या दिवशी नायगावला साडूच्या पोरीचा साखरपुडा. बायको नवी साडी नेसून तयार, मी कडक इस्त्रीची सफारी चढवलेली. गाडी काढायला फाटक उघडलं, तर फाटकाला टेकून केळ्यांचा गाडा. भोवती ही गर्दी.

"गाडा कोणाचा हाय?" मी ओरडलो.

फाटक्या बनियनातला एक माणूस हात जोडून पुढं आला. "माझा हाय साहेब. पोटावर पाय देऊ नका."

"पोटाचं मला सांगू नको. रस्ता काय तुझ्या बापाचा हाय?"

गर्दीतून टाळ्या पडल्या. मी आणखी भडकलो. टाळ्या कशाला वाजवून राहिले हे लोक?

"साहेब, लहान लेकरं हायत," म्हणत त्यानं माझे पायच धरले. मी कसाबसा पाय सोडवला आणि गाडा ढकलला. केळी रस्त्यावर.

मग काय, बाजारातून येणारी एक म्हातारी गर्दीतून तरातरा पुढं आली. "गरिबाच्या गाड्याला हात लावतोस, मुडद्या?" म्हणत तिनं पिशवी माझ्या पाठीत हाणली. पिशवीत कोबी होता. हे मला पाठीनं कळलं.

"अहो, मी साहेब न्हाई, हे माझं घर हाय," मी जीव तोडून सांगितलं. लोक पोट धरून हसले.

तेवढ्यात डफ वाजला. गाडेवाला उठला, डोळे पुसले आणि लोकांना वाकून नमस्कार केला. पथनाट्य होतं हो ते, हातगाडेवाल्यांवरचं.

मागून बायको शांतपणे म्हणाली, "सकाळीच विचारून गेली पोरं. मीच म्हणलं, करा आमच्या फाटकासमोर."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही चिडला असता."

मी तोंड उघडणार, तर नाटक बसवणारी पोरगी धावत आली. "थँक्यू काका. साहेबाचं काम करणारा आलाच न्हाई. काकूंनी ऐनवेळी तुम्हाला पाठवलं म्हणून निभलं."

मी बायकोकडं वळून पाहिलं.

"फक्त एक सांगू का?" ती जरा संकोचून म्हणाली. "राग थोडा नकली वाटला. खरा माणूस एवढ्याशावरून असा चिडत न्हाई."