किल्ल्याच्या दारातलं गाणं

सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळींना मी बरीच वर्षं एका रॉक कॉन्सर्टची गोष्ट सांगत होतो. जर्मनीतल्या एका किल्ल्यावर, भर पावसात झालेल्या. त्या कॉन्सर्टला मी गेलोच नव्हतो. गेला होता माझा मित्र. मी त्याची रात्र माझी म्हणून सांगितली, आणि सांगताना तिच्यातलं सगळ्यात मोलाचं होतं ते काढून टाकलं. बाकी सगळं नंतर येईल, पण आधी हे लिहायला हवं.

आम्ही दोघं पुण्याजवळच्या एका रासायनिक कारखान्यात एकाच दिवशी रुजू झालो. पंचविशीत असताना कंपनीने आम्हाला ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवलं. तिथल्या कामगारांनी आम्हाला कॉन्सर्टची दोन तिकिटं दिली. त्या संगीतातलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं, तरी जायचं ठरलं होतं. पण त्याच शनिवारी प्लांट सुरू करताना कोण थांबेल, असं साहेबांनी विचारलं आणि मी हात वर केला. साहेबांच्या नजरेत भरावं, एवढाच हेतू. मित्र म्हणाला, परत कधी येणार आहोत आपण इथे, चल. मी गेलो नाही.

तो पहाटे परत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. माझ्या पलंगाच्या कडेला बसून त्याने बूटही न काढता सगळं सांगितलं.

किल्ला आपल्या गडांसारखा नव्हता, म्हणाला. खिडक्यांना पडदे होते आणि मागच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत होते. एका जुन्या जमीनदार घराण्याचा तो किल्ला. घराणं राहिलं होतं, जमीन गेली होती आणि छप्पर गळत होतं. मालकाच्या मुलाने गावातल्या पोरांना खालच्या कुरणात गाणी वाजवू दिली आणि तिकिटांच्या पैशातून छपराची एक बाजू नीट करून घेतली. पहिल्या वर्षी कुरणातल्या गायी हलवायला कुणी तयार होईना, त्यामुळे निम्मे श्रोते गायीच होते, असं गावातले लोक सांगत. पाद्र्याने विरोध केला आणि पुढच्या वर्षी तोच कॉफीचा स्टॉल लावून बसला. हळूहळू मोठे बँड येऊ लागले, लांबून खास गाड्या सुटू लागल्या आणि त्या एका रात्रीपुरतं कुरण गावापेक्षा मोठं होऊ लागलं.

हा सगळा इतिहास त्याला कळला तो किल्ल्याच्या दारात अडकल्यामुळे. पाऊस इतका झाला की वीज गेली, कुरणाचा चिखल झाला आणि लोक उतारावरून नदीकडे घसरू लागले. मालकाने किल्ल्याचा दरवाजा उघडून सगळ्यांना आत बोलावलं. आतलं अंगण भरलं, बाहेरून लोक येतच राहिले आणि माझा मित्र दरवाजाच्या कमानीखाली मधोमध सापडला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. अंधार होता, छाती दाबली जात होती. शेजारच्या एका शिक्षकाने त्याला आणि आजूबाजूच्यांना किल्ल्याच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली, लोकांनी घाबरून रेटारेटी करू नये म्हणून. गोष्टी संपल्यावर म्हणाला, आता एकेकाने गाणं म्हणायचं.

मित्राची पाळी आली तेव्हा त्याने वडिलांचं गाणं म्हटलं. त्याचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि त्यांची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत ते गावोगाव जाऊन भीमगीतं गात, त्यातली काही त्यांनी स्वतः रचलेली. त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मित्राचा आवाज साधाच, पण त्याने ते गाणं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हटलं. शब्द कुणालाच कळत नव्हते. तरी दाराजवळच्या लोकांनी त्या मोठ्या लाकडी दारावर हातांनी ठेका धरला, आणि तो अंगणापर्यंत गेला.

"बाबा असते तर," एवढंच म्हणून तो थांबला. मग बूट काढू लागला.

ही त्याची रात्र. आता माझं.

सिंगापुरात मी आलो ते जुरोंग आयलंडवरच्या एका प्लांटमध्ये सेक्शनचा प्रमुख म्हणून. राहायला पासिर रिसला, म्हणजे देशाच्या एका टोकाला घर आणि दुसऱ्या टोकाला नोकरी. ओळखी नव्हत्या. गणपतीनंतर एका कॉन्डोच्या हॉलमध्ये मराठी मंडळी जमली होती. जो तो काही ना काही छान सांगत होता. मी कोपऱ्यात प्लेट घेऊन उभा होतो. कुणीतरी किल्ल्यांचा विषय काढला आणि मी म्हणालो, जर्मनीत एकदा मी एका किल्ल्यात अडकलो होतो.

पहिल्या वाक्यानंतर सगळे माझ्याकडे वळले. मागे फिरणं तेव्हा सोपं होतं. मी नव्हे, माझा मित्र, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. बोलत बोलत गाण्यापर्यंत आलो. समोरचे चेहरे पाहिले. मग मी गाणं बदललं. मी म्हणालो, मी पोवाडा म्हटला. किल्ला, अंधार आणि पोवाडा. टाळ्या थांबेनात. एका काकांनी डोळे पुसले. घरी जाताना बायको म्हणाली, हे कधी सांगितलं नव्हतंत मला. मी म्हणालो, विषयच निघाला नाही.

तेव्हापासून ती गोष्ट माझ्या मानगुटीवर बसली. कुठेही गेलो की फर्माईश. घसा बसलाय म्हणून टाळलं तर लोक गरम पाणी आणून देत.

काही वर्षांनी माझ्याच सेक्शनला एक अनुभवी माणूस हवा होता. मी मित्राचं नाव सुचवलं. त्यात काही डाव नव्हता. त्याच्याइतका चांगला इंजिनियर मला दुसरा माहीत नव्हता. तो बायको आणि मुलीला घेऊन आला, आमच्यापासून चालत जाता येईल अशा ब्लॉकमध्ये फ्लॅट घेतला. मी ठरवलं होतं, पहिल्याच आठवड्यात त्याला सांगायचं. पहिल्या आठवड्यात त्याचं सामान लागलं, दुसऱ्या आठवड्यात मुलीची शाळा. मग राहूनच गेलं.

त्यानंतर काही महिन्यांनी फोर्ट कॅनिंगवर एक मोठा रॉक कॉन्सर्ट होता. आमच्यातल्या तरुण मंडळींनी सगळ्यांची तिकिटं काढली. ज्याला आपल्याकडे टेकाड म्हणतील अशा त्या टेकडीवर जुन्या किल्ल्याचं एक दार उरलेलं आहे, आणि खाली हिरवळीच्या उतारावर लोक चटया टाकून बसतात. आम्हीही बसलो. एका बाजूला मित्र, त्याच्या पलीकडे त्याची मुलगी. ती गिटार वाजवायची, त्या बँडची गाणी तिला पाठ होती. माणसं इतकी दाटली होती की पाय लांब करायला जागा नव्हती. दोन बँडच्या मधल्या वेळात कुणीतरी म्हणालं, अरे, किल्ला आहे, कॉन्सर्ट आहे, आता तर ती गोष्ट झालीच पाहिजे.

मी म्हणालो, नको, आज गाणी ऐकू या. माझी बायकोच म्हणाली, एवढा काय भाव खाताय.

उठून जाणं शक्य नव्हतं. चहूबाजूंनी गुडघे आणि पिशव्या होत्या. मित्राचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता. मी सांगायला लागलो. त्याच्याकडे न बघता सांगत गेलो: गायी, पाद्री, चिखल, दार. त्याचे शब्द जसेच्या तसे माझ्या तोंडून येत होते, इतक्या वर्षांनी. पोवाड्यापाशी आलो तेव्हा त्याचा खांदा बाजूला झाला. तेवढंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग तो मुलीकडे झुकून हळू आवाजात म्हणाला, "तिथे पोवाडा नव्हता गं. आजोबांचं गाणं होतं. मी म्हटलं होतं."

मुलगी हसली आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, डोन्ट लाह. दॅट वन काकाज् स्टोरी."

आजूबाजूच्या दोघातिघांनी ऐकलं आणि तेही हसले. कुणीतरी म्हणालं, आता आपण सगळेच तिथे होतो म्हणा. मित्रही हसला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

पुढचा बँड सुरू झाला. संपेपर्यंत बसावं लागलं. मी त्यातलं एकही गाणं ऐकलेलं नाही.

सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये तो नेहमीसारखा माझ्या शेजारी बसला. पासिर रिसहून जुरोंग आयलंड म्हणजे झोप काढण्याइतका लांबचा प्रवास. तो पंपाच्या दुरुस्तीबद्दल बोलला, मी शटडाऊनबद्दल. चेकपॉइंटवर पास दाखवला, आत गेलो. मी स्वतःची समजूत घातली की त्याने मोठ्या मनाने सोडून दिलं. जुना मित्र आहे, बोलला नाही म्हणजे माफ केलं. ही समजूत मी पुढची काही वर्षं बाळगली. रोज त्याच सीटवर, त्याच खिडकीशी. जाताना तो आणि येताना तो. गोष्ट सांगायचं मी बंद केलं, पण ती बंद केली म्हणून त्याला परत मिळाली नव्हती. त्याची मुलगी दिसली की मी रस्ता बदलायचो.

मग त्याने राजीनामा दिला. दुसऱ्या कंपनीत चांगली जागा मिळाली होती. त्याच्या शेवटच्या आठवड्यात, बसमध्ये बाकीचे झोपलेले असताना, त्याने स्वतःच विषय काढला.

"तू गोष्ट घेतलीस त्याचं मला फार काही वाटलं नाही. बाबांचं गाणं का काढलंस?"

मी खिडकीतून बाहेर पाहत होतो. खोटं बोलण्यासारखी बरीच उत्तरं होती. शेवटी म्हणालो, "त्या हॉलमध्ये भीमगीताचं नाव घेतलं तर सगळे गप्प होतील, असं वाटलं. मला टाळ्या हव्या होत्या."

"होय. मलाही तसंच वाटलं होतं." मग म्हणाला, "तिथे दारावर ठेका धरला होता लोकांनी."

मी विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीस?

तो माझ्याकडे वळला. "माझा वर्क पास कुणाच्या शिफारशीवर रिन्यू होत होता?"

आवाजात राग नव्हता. टाकीचं तापमान सांगावं तसं सांगितलं. पास गेला असता तर इथे राहायची परवानगीच गेली असती, घर गेलं असतं, मुलीची शाळा गेली असती. हे मला सुचलंच नव्हतं. ज्याला मी त्याचं मोठं मन समजत होतो, ते नोकरीसाठी मिटलेलं तोंड होतं, आणि ते मिटायला लावणारा मी होतो. मी अडकलो, मी अडकलो, असं स्वतःशी म्हणत राहिलो. दारात खरा अडकलेला पुन्हा तोच होता.

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्याने हात वर केला.

"मला नको सांगूस. मी जाऊ दे म्हणेन, सवय झालीय. घरी ये. पोरीला सांग."

मराठी मंडळींना मी पुढे खरं काय ते सांगितलं, काहींनी विषय बदलला, काहींनी फोन करणं कमी केलं. ते तुलनेने सोपं गेलं. त्या रविवारी मात्र मित्राच्या ब्लॉकची लिफ्ट खाली येईपर्यंत मी दोनदा परत फिरायला निघालो होतो.

मुलगी जेवणाच्या टेबलाशी गिटारची तार बदलत होती. आता कॉलेजात होती. मित्र खिडकीपाशी उभा राहिला, वहिनी ओट्याशी. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता आणि इकडचं तिकडचं बोलणं निघालं असतं.

तिने विचारलं, "काय झालं, काका?"

मी म्हणालो, "ती किल्ल्याची गोष्ट माझी नाही. तुझ्या बाबांची आहे. मी त्या रात्री साहेबांना खूश करायला कामावर थांबलो होतो. त्या दारात तुझे बाबा होते, आणि त्यांनी तुझ्या आजोबांचं गाणं म्हटलं होतं. मी ते गाणं काढून टाकलं, कारण ते कुणाचं आहे हे लोकांसमोर सांगायची मला लाज वाटली. फोर्ट कॅनिंगवर तुझे बाबा तुला खरं सांगत होते. तू हसलीस, त्यात तुझी काही चूक नाही. मला बोलायला हवं होतं, मी हसलो. माझं चुकलं. तुझी, तुझ्या बाबांची आणि तुझ्या आजोबांची मी माफी मागतो."