रत्नाबाईंचं वाळूक

रत्नाबाईंना कुणी शिकवायला गेलं की झालंच! हिंगोलीकडच्या शेतकऱ्याची लेक. नवरा नागोराव तारापूरच्या कारखान्यात लागले म्हणून सालवडला आल्या, तीस वर्षं भाड्याच्या खोलीत काढली, पण मातीतलं आपल्याला कळतं हा तोरा काही उतरला नाही. नागोराव निवृत्त झाले, स्वतःचं घर झालं, मागे बागेपुरती जागा मिळाली. संक्रांत झाली आणि बाईंनी ट्रंकेतून आईची पुरचुंडी काढली. राखेत घोळलेलं वाळकाचं बी. आई मागच्या वर्षी गेली, भावानं तर केव्हाच सगळ्या रानात सोयाबीन केलेलं. आईचं ते काकडीसारखं, पण गोड वाळूक आता उरलं होतं या वीस बियांत.

किनाऱ्यावरच्या मुरबे गावची हिरा दारावर मासळी विकायला यायची. तिनं खतासाठी सुक्या मासळीचा चुरा आणून दिला. "ताय, आदी आठ दिस पाण्यात ठेव. रोज पाणी बदल. खारट हाय."

"खत धुवायचं?" नाकाला पदर लावून रत्नाबाई म्हणाल्या, "सगळा कस वाहून जाईल की! उद्या चहापत्तीपण धुवून घेऊ का?"

हिरानं पैसे घेतले नाहीत. बाईंच्या आईची रीत अशी, की बियाण्याची पुरचुंडी सोडली की पहिली चिमूट दुसऱ्याच्या हातावर ठेवायची. बाईंनी मन घट्ट करून पाच बिया मोजून हिराला दिल्या. खरं सांगायचं तर चारच देणार होत्या. उरलेल्या पंधरा आळ्यांमध्ये टोचल्या, खाली चुरा दाबून. कुंपणापर्यंत चुरा पुरला नाही, म्हणून तिथं दसऱ्याच्या तोरणातला वाळलेला झेंडू नुसताच चुरगळून टाकला.

आठवड्यात झेंडू उगवला. वाळकाचा पत्ता नाही. बाराव्या दिवशी बाईंनी आळं उकरलं, तर बी सडलेलं आणि मातीवर मिठाचा पांढरा थर. एकेक करत पंधराही आळी उकरली आणि तिथंच फतकल मारून त्या रडल्या. "माझी आई गेली हो," नागोरावांना म्हणाल्या, जशी काही आजच गेली. नागोरावांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. शहाणा माणूस!

दुसऱ्या दिवशी हिरा आली. "तुझ्या मासळीनं खाल्लं गं माझं बी!" बाई कडाडल्या.

"धुतलेलंस?"

बाईंनी मान खाली घातली. हिरा हसली नाही. पाटी उतरवून शेजारी बसली. "माजं रुजलंय, ताय. पाचीच्या पाची. मोरीमागं लावलंय. रडू नको."

चैत्र सरता सरता हिराच्या पाटीत, मासळीपासून वेगळं, केळीच्या पानात गुंडाळलेलं पिवळंधमक वाळूक आलं. "फुटलंय बग. खराब झालं का काय?"

"अगं येडे, पिकलं की असंच फुटतं ते!" रत्नाबाईंनी वास घेतला आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत.

बी त्यांनी धुतलं, सुकवलं, राखेत घोळलं. परसात बादलीत चुरा भिजत होता. सगळी गल्ली नाक मुरडत होती आणि बाईंचा पदर खांद्यावरच होता. हिरा आली तशी त्यांनी पुरचुंडी सोडली.

"मला परत कशाला? मी आणून दिलं ना?"

"रीत आहे. हात कर पुढं."

हिरानं हात पुढे केला. रत्नाबाईंनी मूठ भरून बी तिच्या हातावर ओतलं. मोजलं नाही.