बेकरीवाल्यानं मारलेली हाक

मला नावानं हाक मारणारं जगात कुणी उरलेलं नाही, हे लक्षात यायला माझी पन्नाशी उलटावी लागली आणि वर मोबाइलमधला एक बेकरीवाला लागला.

शाळेत मी बाई. नव्या पालकांची मॅडम. घरात आई, दिरांची वहिनी, जुळे सोलापुरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये काकू. नवरा 'अगं' म्हणतो, आणि त्या 'अगं'च्या लांबीवरून मला कळतं की चहा हवाय का चष्मा सापडत नाही. याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. चौथीच्या पोरांची हजेरी घेताना रोज वर्गभर नावं मोठ्यानं म्हणायला मिळतात, तेवढं मला पुरायचं.

सुरुवात झाली ती लेकीच्या अबोल्यापासून. तिचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा गुणी, दोघं एकमेकांना आवडलेली, मंडळी मूळची वेळापूरची पण बरीच वर्षं सोलापुरातच राहणारी. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. मुलाच्या आईनं फोनवर सांगितलं की लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं सुनेचं नवीन नाव लिहायची त्यांच्याकडे रीत आहे, आणि मुलाच्या नावाशी जुळणारं नाव त्यांनी काढूनसुद्धा ठेवलंय. लेक म्हणाली, "मी नाव बदलणार नाही. त्यांना चालत नसेल तर लग्न राहू दे." ती मंडळी बोलणी पक्की करायला घरी येणार होती, आणि तोवर तिला समजावायचं काम सगळ्यांनी माझ्या गळ्यात घातलं होतं. मीही मोठ्या शहाणपणानं म्हणून गेले, "चालतंय की! नाव बदललं म्हणून माणूस बदलतंय व्हय? माझं न्हाय का बदललं? माझं काय बिघडलं?"

त्यानंतर लेक माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. "वाढू?" "वाढ." संपलं.

ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. काम संपलं की मोबाइल आडवा धरून तासन्‌तास काहीतरी खेळत बसते. मला शाळेची उन्हाळ्याची सुट्टी होती. आमच्या सोलापूरचा मे महिना म्हणजे दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. घरात आम्ही दोघी, एक कूलर आणि मधे हा अबोला. माझा स्वभाव तापट, रागावून मोकळी होणारी मी. हे असलं थंड वागणं मला सोसत नाही. शेवटी मी कैरीच्या फोडींना तिखट-मीठ लावून ताटली तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "मला पण दे की लावून एखादा गेम."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी विमान चालवायला मागितलंय.

"आई, ह्यात गोळ्याबिळ्या फोडायच्या नसतात. वाचावं लागतं. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात ह्याला. चित्रातली कादंबरी."

"मग मी काय अडाणी हाय?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आणि मी मनात म्हटलं, आता हा गेम कितीही रटाळ असू दे, मी सोडत नाही.

नवख्या माणसानं यातलं काय निवडावं, यावर तिनं माझी शिकवणीच घेतली. मी आयुष्यभर पोरांना शिकवलं, पण शिकवण्यातला तिचा आनंद बघून मी गप्प ऐकत राहिले. तिचा पहिला प्रश्न होता, "तुला नुसतं वाचायचंय का ठरवायचंय?" काहींत म्हणे ठरवायचं काहीच नसतं, बोट टेकवायचं, पुढची ओळ येते. काहींत मधेमधे दोन-तीन उत्तरं पुढं येतात, त्यातलं एक निवडायचं, आणि आपण जे निवडू तिकडं गोष्ट वळते. दुकानात दिसेल ते उचलू नको, म्हणाली. मोठ्या कादंबऱ्या संपायला महिना लागतो, आधी एका दुपारची घे. प्रत्येक उत्तराला पैसे मागणारी तर घेऊच नको. आणि गुलाबी चित्राला भुलू नको, खालची सूचना वाच. वरून गोड दिसणाऱ्या काही आतून भुतासारख्या निघतात. मी म्हटलं, "हे तर स्थळं बघण्यासारखंच झालं की!" तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. मी कैरी खाल्ली.

पहिली घेतली ती बिनउत्तराची. एका बेटावर छोटा दवाखाना, तिथं एकटीच नर्स. मागं समुद्राचं चित्र, पुढं ती उभी, खाली चौकटीत तिचं बोलणं. चौथीला शिकवण्याइतकं इंग्रजी मला येतं, अडलं की लेक होतीच. एवढ्याशा पडद्यात भांड्यातलं पाणी उकळल्याचा आवाज यायचा, वारा यायचा, आणि एका म्हाताऱ्या पेशंटजवळ नर्स नुसती बसून असते तिथं बराच वेळ काहीच यायचं नाही. मी पुढं जायला बोट उचललं आणि तसंच ठेवलं. त्या दोघांना तिथं असंच बसू द्यावं, असं मला वाटलं. असलं काही जगात कुणीतरी करून ठेवलंय आणि पोरगी माझ्या शेजारी बसून वर्षानुवर्षं ते वाचतीय, आणि मी तिला 'मोबाइल ठेव की जरा' म्हणत होते! दुपार कधी सरली कळलं नाही. मी पदरानं डोळे पुसले तर लेक म्हणाली, "लागला की नाद!"

मग आली ठरवायची पाळी. "आता डेटिंग सिम घेऊ, म्हणजे सूत जुळवायचा गेम. सोपं हाय, मजा येईल तुला."

डेटिंग म्हटल्यावर पेपर वाचणारे आमचे हे चष्म्यावरून बघायला लागले. "ह्या वयात?"

"तुमी कधी विचारलं न्हाय," मी म्हटलं, "आता दुसरं कुणी विचारतंय."

त्यात एक छोटं गाव होतं. आपण तिथं नव्यानं राहायला आलेलो. गावात एक बेकरीवाला, एक ग्रंथपाल, एक नावाडी. रोज कुणाला भेटायचं, काय बोलायचं, कुणाला काय न्यायचं हे आपण ठरवायचं. ज्याच्याशी सूत जुळेल त्याची गोष्ट पुढं उलगडते. सुरुवातीलाच गेमनं विचारलं, नाव काय? मी सवयीनं 'आई' असं लिहून टाकलं. सकाळ झाली, चित्रातल्या बेकरीचं दार उघडलं, तो देखणा, पिठानं हात माखलेला माणूस माझ्याकडं बघून गोड हसला, आणि खाली उमटलं, 'गुड मॉर्निंग, आई.'

लेक हसून हसून फरशीवर आडवी झाली.

पण तेवढ्यावर भागलं नाही. मी बेकरीवाल्याला चहा नेला, म्हणून ग्रंथपालालाही नेला. नावाडी बिचारा एकटा, त्याला कसं वगळायचं? तिघांनाही सारख्या भेटी, तिघांशीही गोड बोलणं. जिथं उत्तर निवडायचं तिथं मी 'तुम्ही म्हणाल तसं' याच्या जवळपासचं निवडायची. शेवट आला तेव्हा तिघांनीही माझे आभार मानले, मी फार चांगली आहे म्हणाले, आणि आपापल्या वाटेनं गेले. मी नावेच्या धक्क्यावर एकटीच उभी. मला खरंच राग आला. "एवढं केलं त्यांच्यासाठी!"

"आई, तू हळदीकुंकू ठेवल्यासारखी खेळायलीस," लेक म्हणाली. "सगळ्यांना वाण दिलंस. तुला काय पाहिजे ते कुणाला कळलंच नाही. परत खेळ. आणि ह्या वेळी स्वतःचं नाव टाक."

नावाची चौकट पुन्हा उघडली. तिच्यात ती बारीक उभी रेघ लुकलुकत होती. मी सासरचं नाव लिहायला गेले, माझ्या आधारकार्डावरचं, पगाराच्या चिठ्ठीवरचं. पहिलं अक्षर लिहिलं, खोडलं. ते नाव माझ्या आजेसासूबाईंमुळं पडलेलं. माझं माहेरचं नाव आणि त्यांचं नाव एकच निघालं; मोठ्या बाईच्या नावानं सुनेला हाक कशी मारायची, तिला रागवायचं कसं, म्हणून तांदळात दुसरं लिहिलं. मीही म्हणाले होते, चालतंय की. का कुणास ठाऊक, त्या दुपारी माझ्या बोटानं माहेरचं नाव लिहिलं.

"ही कोण?" लेकीनं विचारलं.

"मी."

माझ्या पोटच्या पोरीला माझं नाव माहीत नव्हतं. तिनं ते हळूच वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि माझ्याकडं अशी बघत राहिली की मलाच लाज वाटली.

सकाळ झाली, बेकरी उघडली. यातली माणसं जपानीत बोलतात आणि लिखाण इंग्रजीत येतं. पण एक गंमत माझ्या तेव्हा ध्यानात आली. जिथं माझं नाव येणार तिथं आवाज गप्प बसायचा. म्हणजे चौकटीत नाव उमटायचं, पण तो माणूस ते बोलायचा नाही; क्षणभर थांबायचा आणि मग पुढचं वाक्य. मला वाटलं मोबाइल बिघडला. लेक म्हणाली, "अगं, प्रत्येक खेळणारीचं नाव वेगळं. आवाज दिलेल्या माणसाला तुझं नाव कसं माहीत असणार? म्हणून तेवढी जागा सोडतात."

रिकाम्या जागा भरा! आयुष्यभर मी फळ्यावर तेच तर लिहीत आले. पुढच्या वेळी बेकरीवाला थांबला तेव्हा ती जागा मी माझ्या तोंडानं भरली. माझं नाव मी मोठ्यानं म्हटलं. कूलरच्या घरघरीत ते मला ऐकू आलं, आणि दुधनीचं माझं माहेरचं घर डोळ्यांपुढं उभं राहिलं. दारातून अव्वा, माझी आई, मला त्याच नावानं बोलवायची, पुढं 'इल्ली बा', इकडं ये, असं जोडून. आम्ही घरात कानडीच बोलायचो. अव्वा गेली आणि तिच्याबरोबर ते नावही गेलं, हे मला इतकी वर्षं सुचलंच नव्हतं. आणि सातासमुद्रापार बसलेल्या कुण्या माणसानं, जिला कधी पाहिलंही नाही अशा बाईसाठी, बरोब्बर तिच्या नावाएवढी जागा सोडून ठेवली होती.

मी मोबाइलला 'ओ' दिली. लेक या वेळी हसली नाही.

त्या खेळात मी नावाड्याला चहा नेला नाही. बेकरीवाल्यानं विचारलं, उद्या काय करू या? तीन उत्तरं पुढं आली, आणि तो उभा राहिला. मी आत जाऊन भाजी फोडणीला टाकली, वरण उतरवलं, परत आले, तरी तो उभाच. मला काय पाहिजे ते कळल्याशिवाय त्या गावात पुढचा दिवस उजाडणार नव्हता. मला दाखवायला बसवलं होतं तेव्हा पोहे संपायच्या आत सगळं ठरलं होतं, आणि कुणाच्या मनात काही वाईट होतं असंही नाही. थांबायची पद्धतच नव्हती. मी बराच वेळ लावला. मग सांगितलं त्याला, मला समुद्र बघायचाय.

मंडळी रविवारी आली. मुलाची आई धिप्पाड, मोकळी, मोठ्या आवाजाची बाई. पेढ्यांचा बॉक्स टीपॉयवर ठेवून तिनं पहिल्यांदा तेच काढलं. ठरवलेलं नाव सांगितलं आणि म्हणाली, "ग्वाड हाय की न्हाय? चालंल न्हवं, बाई?"

लेक खाली बघत होती. तिचा होणारा नवरा तिच्याकडं बघत होता. आमचे हे माझ्याकडं बघत होते, कारण 'चालतंय की' म्हणायचं खातं आमच्या घरात माझ्याकडं आहे. शब्द जिभेवर आलासुद्धा होता. पण मी तो सोडला नाही. सगळे थांबले तर थांबू देत म्हटलं.

"न्हाय चालणार," मी म्हणाले. "ताट आणू, तांदूळ आणू, अंगठी आणू. रीत सगळी करू. पण तांदळात पोरीचं हाय तेच नाव लिहायचं."

मुलाच्या आईचा चेहरा उतरला. "आमची बदलली की नावं. आमचं काय बिघडलं?"

माझंच वाक्य होतं ते. माझा आवाज चढायला निघाला होता, तो तिथंच बसला. मी विचारलं, "तुमचं माहेरचं नाव काय हो?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग नाव सांगितलं, इतक्या बारीक आवाजात की या बाईचा तो आवाज नव्हेच. मुलगा वळून बघायला लागला. "आई, हे तुझं नाव हाय?"

"व्हतं," त्या म्हणाल्या. "आमची आई मारायची हाक. आता कुणी न्हाय."

लेक आत जाऊन चहा घेऊन आली. मी ट्रेमधला कप उचलला, त्यांच्यापुढं धरला आणि त्यांना त्या नावानं हाक मारली.

"ओ," त्यांच्या तोंडून आपसूक निघालं. मग त्यांनी तोंडावर पदर घेतला.

कप निवत आला तेव्हा त्या बोलल्या. "ऱ्हाऊ द्या पोरीचं हाय त्येच. उद्या म्या नव्या नावानं हाक मारली आन् तिची 'ओ'च आली न्हाय, तर कुटं हुडकू तिला?"